चिठ्ठीची मागची बाजू

भाऊ : पण मी हे वाचलं कुठं, ताई? तीन दिवस सगळी कपाटं पालथी घालतोय.

ताई : एका शब्दासाठी?

भाऊ : ‘थोस’. जुन्या ग्रीकांचा प्राणी. बहुतेक कोल्ह्यासारखा, कुणी उदमांजर म्हणतात. माझ्या कोशाच्या वहीतल्या चिठ्ठीवर ठणकावून लिहिलंय, ‘पळणे या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आलं.’ संध्याकाळी छापखान्याचा माणूस पानं न्यायला येईल, आणि मला आधारच आठवत नाही.

ताई : आठवेल. आधी दोन घास खा.

भाऊ : बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी पुस्तकांची नावं गेली, मग आपली.

ताई : गप रे! काहीतरी अभद्र बोलू नकोस. दाखव ती वही. ही चिठ्ठी तर मीच चिकटवली आहे.

भाऊ : चिकटवलीस?

ताई : खोक्यातून उडायच्या ना तुझ्या चिठ्ठ्या. चांगली खळ लावून बसवल्यात.

भाऊ : मागची बाजू बघितली होतीस?

ताई : मागं काय असतं?

भाऊ : अगं, आधार असला की मी तो पुढंच लिहायचो. नसला की तसं मागं!

ताई : अरे देवा! थांब, ओलं फडकं दे. फाटली तर मला खाशील.

(ताई चिठ्ठीची कड हळूहळू भिजवते.)

ताई : सुटली. वाच, माझा चष्मा आत आहे.

भाऊ : ‘हा माझा नुसता अंदाज. कुठंही वाचलेला नाही. छापायचा नाही.’

ताई : म्हणजे रे?

भाऊ : म्हणजे विसरायला काही नव्हतंच, ताई! डोकं शाबूत आहे माझं!

ताई : मग रडतोस कशाला, वेड्या?

भाऊ : सुटलो गं. जीव नुसता टांगणीला लागला होता.

ताई : आणि मी केवढा घोळ घातला! बाकीच्या चिठ्ठ्या?

भाऊ : सगळ्या भिजवू. छापखान्याला सांगतो, पंधरा दिवस थांबा. तू नवी चिठ्ठी घे. तुझं अक्षर बरं आहे.

ताई : सांग. नावाचं मूळ?

भाऊ : ‘माहीत नाही.’

ताई : कोशात असं चालतं?

भाऊ : न चालायला काय झालं? खाली लिही, ‘एका जुन्या ग्रीक ग्रंथानुसार हा माणसांना त्रास देत नाही.’

ताई : तुला तीन दिवस दिला, तेवढा सोडून. हं, लिहिलं. दोन्ही बाजू बघून घे.