नऊ नंबरचं टेबल

एंदाह : तीन चाळीसला बाई ‘हो’ म्हणाली. शनिवारी सकाळच्या गाडीनं सेमारांगहून निघतेय. आता जागा सांग.

तेगार : कसली जागा?

एंदाह : जेवायची. चोपन्न वर्षांची विधवा बाई, चार महिने एका जहाजाच्या कप्तानाशी फोनवर लिहून बोलतेय. त्याला पहिल्यांदा भेटायला जाकार्ताला येतेय. त्यानं तिला कुठंतरी जेवायला बोलवायला नको?

तेगार : कप्तान तर आपणच आहोत, म्बाक एंदाह. दिवसा तुम्ही, रात्री मी.

एंदाह : हळू. मुकादम येतोय, यर्मान.

यर्मान : बू रेत्नो हो म्हणाली म्हणे! शाब्बास, एंदाह. तेगार, तू जाकार्तात वेटर होतास ना? मग आज तुझी परीक्षा. शहरातली सगळ्यात प्रेमाची जागा शोधून दे.

तेगार : पण बांग यर्मान, कप्तान जाणार कुठून? कप्तान नाहीच आहे.

यर्मान : म्हणूनच तर. बाई नटून सातला येईल. वाट बघेल. साडेसातला कप्तानाची टॅक्सी उलटेल. हॉस्पिटल, रक्त, तातडीचं ऑपरेशन, पैसे आत्ताच पाठव. घरी बसलेल्या बाईला आपण हे सांगितलं तर ती दहा प्रश्न विचारते. मेणबत्तीसमोर अर्धा तास एकटी बसलेली एकही विचारत नाही. लिहून घे.

तेगार : आणि मला एखादी जागा सुचली नाही तर?

यर्मान : बोटं कशी आहेत तुझी? जुळली नीट? टायपिंग जमतंय?

तेगार : जमतंय, बांग.

यर्मान : मग सुचेल. मॉल नको, मॉलमध्ये बायका वेळ काढायला दुकानं बघत फिरतात. आणि हॉटेल खरं पाहिजे. भूगोलाची मास्तरीण आहे, नकाशात बघणार. चार वाजता नाव सांग मला.

एंदाह : गेला. बोल लवकर, वीस मिनिटं आहेत.

तेगार : नदीवर नाही का एखादी जागा? खिडकीतून तर रोज नदीच दिसते आपल्याला. पलीकडे थायलंड, दिवे, मोटारी.

एंदाह : थट्टा पुरे. मी एक काढलंय. छप्पन्नाव्या मजल्यावर, चारी बाजूंनी काच.

तेगार : नको. तिथं खालीच विचारतात, नाव काय, किती जण. एकट्या बाईला लिफ्टपाशी थांबवतात, सोबतचे येऊ द्या म्हणतात. तिला अर्धा तास दरवानाच्या शेजारी उभं राहावं लागेल.

एंदाह : मग कोता तुआ? जुन्या डच इमारती, गाणं-बजावणं.

तेगार : तिथं शनिवारी टेबल अडवून बसलेलं चालत नाही. दर दहा मिनिटांनी मेनू पुढे करतात. चौथ्यांदा केला की माणूस उठतो.

एंदाह : तुला काय करायचंय? ती उठली तर उठली.

तेगार : मी सहा वर्षं वाट बघणाऱ्या बायकांना पाणी दिलंय, म्बाक. आधी ती दाराकडे बघते. मग फोनकडे. मग आपल्याकडे बघून हसते, जणू आपणच तिची माफी मागायला हवी आणि तिनं ती आधीच दिलीय.

एंदाह : पुरे. जागा सांग.

तेगार : तेरास सेंजा. मेंतेंगमध्ये. जुना बंगला, मागे अंगण, आंब्याखाली टेबलं. बारा-तेराच असतील. माझंच हॉटेल. म्हणजे मी होतो तिथं.

एंदाह : प्रेमाची जागा आहे?

तेगार : लग्नाच्या मागण्या मोजायचो आम्ही. एका वर्षी एकतीस झाल्या, त्यातल्या चार नाकारल्या. आणि तिथली एक रीत आहे. मेणबत्ती दुसरं माणूस येऊन बसलं की मगच पेटवायची. एकट्या माणसासमोर नाही. बू मुर्तिनी म्हणायच्या, एकट्यासमोर पेटवलेली मेणबत्ती श्राद्धासारखी दिसते.

एंदाह : ह्या मुर्तिनी कोण?

तेगार : मॅनेजर. एकट्या माणसाला त्या सूप पाठवतात, न मागता. उठवत नाहीत. म्हणून म्हणतो, तिला फसायचंच असेल तर निदान तिथं बसू दे.

एंदाह : दया येतेय तुला. पहिल्या वर्षी सगळ्यांना येते.

तेगार : तुम्हाला नाही येत?

एंदाह : मला ऑगस्ट येतो. या बाईचे पैसे आले की यर्मान ऑगस्टमध्ये सोडणार आहे मला.

तेगार : मागच्या बाईच्या वेळीही असंच म्हणाला होता.

एंदाह : तेव्हा नुसतं म्हणाला होता. या वेळी पासपोर्ट दाखवला. माझाच होता, फोटो बघितला मी. माझी निनिंग चार वर्षांची होती निघाले तेव्हा. सहाची झाली. दर महिन्याच्या फोनवर तिला सांगते, आईच्या हॉटेलात खूप पाहुणे आहेत. मला हॉटेलात नोकरी म्हणून आणलं ना इथं.

तेगार : मला मॅनेजर म्हणून. तेरास सेंजात निरोपाला केक कापला होता. बू मुर्तिनी म्हणाल्या, मोठा झालास की विसरू नकोस. आठ महिने झाले, एक ओळ पाठवली नाही मी. त्यांना वाटत असेल, विसरला.

एंदाह : मी नोंदवतेय टेबल. हॉटेलला संदेश पाठवायचा ना? कप्तान बास्करा, शनिवार, सात वाजता, दोघं. आणखी काही लिहू?

तेगार : टेबल नंबर नऊ मिळालं तर बरं, असं लिहा.

एंदाह : का?

तेगार : कोपऱ्यात आहे. अंगणाच्या. शांत.

एंदाह : थांब. लोकांनी टाकलेले फोटो आहेत इथं. टेबलांवर पितळी आकडे आहेत. सात... आठ... हे दहा. आठाच्या शेजारी सरळ दहा. नऊ कुठंय, तेगार?

तेगार : फोटो जुने असतील.

एंदाह : मी विचारतेय, नऊ कुठंय?

तेगार : नाहीये.

एंदाह : मग?

तेगार : कधीच नव्हतं. एखाद्यानं आमच्या मुलीचा हात धरला, पिऊन अंगावर आला, तर ती ओरडायची नाही. ओरडलं की बाकीची गिऱ्हाइकं उठतात. ती नुसती म्हणायची, ‘नऊ नंबरला पाणी द्या.’ की बू मुर्तिनी हातातलं टाकून यायच्या आणि त्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसायच्या. बाहेरच्या कुणाला हे माहीत नाही.

एंदाह : म्हणजे शनिवारी नऊ नंबर कुणी मागितलं, तर...

तेगार : आतल्या कुणीतरी मागितलं, एवढं त्यांना कळेल. आणि आतलं कोण निघून गेलं, कोण गप्प झालं, हे त्यांना माहीतच आहे.

एंदाह : आणि समोर बसलेली बाई त्यांना तिचा फोन दाखवेल. चार महिन्यांचं सगळं.

तेगार : हो.

एंदाह : यर्मानच्या ध्यानात आलं तर फक्त तुला नेणार नाहीत. संदेश माझ्या यंत्रावरून जातोय. आचेहच्या पोराला खालच्या खोलीत नेलं होतं, आठवतंय ना? दोन दिवस नळाचा आवाज येत होता.

तेगार : आठवतंय. मग ‘नऊ’ खोडा. आठ लिहा. आठही चांगलं आहे.

एंदाह : माझा ऑगस्ट आहे रे.

तेगार : म्हणून तर म्हणतो, खोडा. मी तुम्हाला काही बोलणार नाही.

एंदाह : किती वाजले?

तेगार : म्बाक, चार वाजत आले.

एंदाह : पाठवलं.

तेगार : आठ?

एंदाह : मी काही वाचलं नाही. तू सांगितलंस, मी टाइप केलं. कुणी विचारलं तर मी कधी मेंतेंगला गेलेलीच नाही. आणि ते खरंच आहे.

यर्मान : चार वाजले. नाव?

तेगार : तेरास सेंजा, बांग. मेंतेंगमधलं.

यर्मान : दाखव फोटो. वा. आंब्याला दिवे लावलेत. बायकोला न्यायला हवं होतं मी इथं, सोडून गेली नसती. हॉटेलचं उत्तर आलं?

एंदाह : आत्ताच आलं.

यर्मान : मोठ्यानं वाच.

एंदाह : ‘नमस्कार. कप्तान बास्करा. शनिवार, सायंकाळी सात, दोन व्यक्ती. टेबल नऊ. नोंद केली आहे. आम्ही वाट पाहू.’

यर्मान : नऊ! माझ्या आईचा लाडका आकडा. चला, बाईला कळवा. आणि लिही, निळा रंग घालून ये. त्यांना रंग सांगितला की बरं वाटतं.

तेगार : गेला?

एंदाह : गेला. हे काय झालं? नसलेलं टेबल त्यांनी नोंदवलं?

तेगार : ‘असं टेबल नाही’ म्हणाले नाहीत.

एंदाह : नवीन मुलगी असेल. आलेलं जसंच्या तसं परत लिहून मोकळी.

तेगार : असेल.

एंदाह : किंवा...

तेगार : किंवा. पण आता बोलू नका, म्बाक. तीन दिवस बोलायचंच नाही यावर.

(शनिवार. तीच खोली. भिंतीवरच्या घड्याळात इथली नाही, जाकार्ताची वेळ : सात वाजून तीन मिनिटं.)

यर्मान : पोहोचली?

एंदाह : दाराशी आहे. लिहितेय, ‘रिक्षावाल्यानं दोनदा चुकवलं, मीच नकाशा बघून आणलं त्याला.’

यर्मान : मास्तरीण! उत्तर दे. कप्तान टॅक्सीत आहे, गर्दीत अडकलाय.

एंदाह : दिलं. विचारतेय, बांदेंग मासा आवडतो ना. सेमारांगहून टोपली आणलीय, तुमच्या जहाजावर पुरेल एवढी.

यर्मान : काटे विरघळेपर्यंत शिजवतात, तोच ना? काय वास असतो त्याला! तेगार, तोंडाला पाणी सुटलं का? चेहरा का असा?

तेगार : काही नाही, बांग. झोप नाही झाली.

यर्मान : साडेसातपर्यंत जागा राहा. मग कप्तान म्हणून फोनवर रडायचं आहे तुला. नर्सचा आवाज कोण काढणार, एंदाहच ना? अपघाताचा फोटो तयार आहे?

एंदाह : तयार आहे.

यर्मान : मी पलीकडच्या रांगेत आहे. हाक मारा.

तेगार : काय लिहितेय?

एंदाह : ‘आत आले. नाव सांगितलं. एका मुलीनं वहीत बघितलं आणि आत पळाली.’

तेगार : पळाली असं लिहिलंय? चालत गेली नाही?

एंदाह : पळाली लिहिलंय. सात वाजून नऊ मिनिटं. ‘मला अंगणात बसवलंय. टेबलावर आकडा नाही. बाकी सगळ्यांवर आहे.’

तेगार : कुठलं टेबल मांडलं असेल... नोकरांच्या जेवणाचं असेल. स्वयंपाकघरात दाराशी असायचं. चौकोनी, एका पायाखाली पुठ्ठा.

एंदाह : ‘टेबल जरा डुगडुगतंय, पण फुलं छान आहेत.’

तेगार : तेच. तेच आहे, म्बाक.

एंदाह : हळू. खाली बघून बोल. सूप आलंय तिच्यापुढे. लिहितेय, मी मागवलं नव्हतं.

तेगार : हां.

एंदाह : सात सतरा. काही लिहीत नाहीये.

तेगार : फोन हातात असेल. दाराकडे बघत असेल.

एंदाह : सात एकोणीस. एकवीस.

यर्मान : काय चाललंय? रडली का?

एंदाह : अजून नाही, बांग. सूप पितेय.

यर्मान : भूक लागली म्हणजे मन घट्ट आहे. साडेसातची वाट नको. पंचवीसला टॅक्सी उलटवा. मी इथंच उभा राहतो. अरे, आलं काहीतरी. वाच.

एंदाह : ‘कप्तान, इथल्या मॅनेजरबाई माझ्यासमोर येऊन बसल्यात.’

यर्मान : कशाला?

तेगार : शनिवारी सगळ्या टेबलांवर बसतात त्या, बांग. जेवण कसं आहे विचारायला. रीत आहे तिथली.

यर्मान : पुढे?

एंदाह : ‘त्यांनी मेणबत्ती पेटवली. विचारतायत, हे टेबल तुम्हाला कुणी सुचवलं?’

यर्मान : टेबलाचं काय पडलंय तिला?

एंदाह : जागा आवडली की बायका विचारतात, बांग. मीही विचारलं असतं.

यर्मान : हं. तेगार, तुझं टायपिंग का थांबलं?

तेगार : बोटं, बांग. थंडीत दुखतात अजून. एसी इकडेच लागतो.

यर्मान : काय उत्तर देणार तिला?

तेगार : तुम्ही सांगाल ते.

यर्मान : काही देऊ नका. अपघाताचा फोटो टाका. आत्ता.

एंदाह : टाकला. सात सव्वीस.

यर्मान : बघितला तिनं?

एंदाह : बघितला. दोन निळ्या खुणा आल्या.

यर्मान : मग? फोन येईल आता. घसा साफ कर, नर्सबाई.

एंदाह : फोन नाही आला. सात अठ्ठावीस झाले. ‘लिहीत आहे’ असं दिसतंय.

यर्मान : इतका वेळ? एवढं काय लिहितेय? ती मॅनेजरबाई उठली ना टेबलावरून?

एंदाह : माहीत नाही, बांग. थांबलं... नाही, परत सुरू झालं. अजून लिहितेय.