जेवणापर्यंतचं खरं

(जुन्या थाटाच्या एका हॉटेलची लॉबी. सकाळचे सव्वाअकरा.)

हॉटेलवाला : नाही काकू, त्याला हात लावू नका. ते टेलिफोनचं कपाट शोभेचं आहे.

बाई : शोभेचं कुठलं, चांगलं जिवंत आहे. हे बघा, चार नंबरचं झाकण पडलंय.

हॉटेलवाला : ती झाकणं दिवसभर पडतच असतात. मी चिकटपट्टी लावणार होतो.

बाई : अहो, झाकण पडलं म्हणजे त्या खोलीतलं माणूस फोन कानाला लावून बसलंय.

हॉटेलवाला : म्हणून तक्रारी येतात होय! मला वाटलं, लोकांना जुन्या काळाची गंमत कळत नाही. इलेक्ट्रिशियननं सगळ्या खोल्या जोडून दिल्या, पण वापरायचं कसं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. काल मी सहज एक दोरी खोचली, तर सात नंबरचा चहा मागायचा फोन लागला दोन नंबरला.

बाई : मग?

हॉटेलवाला : दोन नंबरचे गृहस्थ स्वतःचा चहा घेऊन गेले बिचारे.

बाई : सभ्य माणूस. सरका जरा. ही खुर्ची नको, फिरते. ती लाकडी द्या. आता बघा, मागच्या दोरीनं विचारायचं, पुढच्या दोरीनं जोडायचं. खटका पुढे केला की आपल्याला ऐकू येतं, मागे ओढला की समोर घंटी वाजते. हॅलो, चार नंबर, सांगा... किती वेळ झाला?... अरे अरे. स्वयंपाकघराला जोडते, थांबा.

हॉटेलवाला : काकू, तुमचा आवाज बदलला.

बाई : हा कामाच्या खुर्चीवरचा आवाज. घरचा वेगळा. अकरा वर्षं एक्सचेंजमध्ये होते मी. मग आपोआप जोडणारी यंत्रं आली आणि आम्हाला बिलांच्या खिडकीवर बसवलं. बिलांच्या खिडकीवर कुणी 'हॅलो'सुद्धा म्हणत नाही.

हॉटेलवाला : तुम्ही नऊ नंबरच्या ना? लग्नाचा चाळिसावा वाढदिवस. तुमच्या सूनबाईंनी खोली घेतली होती. आवडली का?

बाई : छान आहे. भिंती नारिंगी, पडदे नारिंगी, आरशात बघितलं की मीही नारिंगी. पलंग तेवढा गोल आहे. सकाळी अर्धा तास मी चादरीचे कोपरे कुठे खोचायचे ते शोधत होते.

हॉटेलवाला : तुम्ही कशाला? आमची माणसं करतात की.

बाई : ती यायच्या आत केलं. आपला पसारा कुणाला दाखवायचा?

हॉटेलवाला : आणि काका?

बाई : ते वर रेकॉर्ड वाजवतायत. एकच बाजू चार वेळा झाली. माझ्याशी बोलायला नको म्हणून.

हॉटेलवाला : भांडलात?

बाई : भांडलो असतो तर बरं झालं असतं. तीन आठवडे आम्ही एकमेकांशी फार चांगले वागतोय. 'चहा घेतेस का?' 'तुम्ही घेताय का?' 'तू घेणार असशील तर.' जीव नकोसा झालाय.

हॉटेलवाला : म्हणून ते नाश्त्याला जाम एकमेकांकडे सरकवणं चाललं होतं.

बाई : मुलगा नवीन घर घेतोय. तीन खोल्यांचं घ्यायचं की दोन, ते आज बारा वाजता सांगायचंय त्याला. तिसरी खोली आमची. म्हणजे आमचं घर विकून आम्ही कायमचं तिकडे जायचं. ह्यांनी फोनवर 'हो हो' म्हणून टाकलं आणि मग मला म्हणाले, 'तुझं काय?' तुम्ही आल्याआल्या मोबाइल काढून घेतलेत, म्हणून त्याला इथला नंबर दिलाय.

हॉटेलवाला : मोबाइल पावाच्या डब्यात सुखरूप आहेत. पण तुम्ही आत्ता मोबाइल म्हणालात. इथे नव्या काळातल्या वस्तूचं नाव घेतलं की दंड. लॉबीभर लंगडी.

बाई : तुम्हीही म्हणालात.

हॉटेलवाला : ...ते राहू द्या. तुम्हाला जायचंय का मुलाकडे?

बाई : किती वाजले?

हॉटेलवाला : अकरा पस्तीस.

बाई : मग नका विचारू. जेवण झाल्यावर विचारा.

हॉटेलवाला : जेवणाचा काय संबंध?

बाई : उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत खोटं बोलायचं नाही, असा नेम आहे माझा. एकोणीस वर्षं झाली.

हॉटेलवाला : फक्त जेवणापर्यंत?

बाई : आधी दिवसभराचा घेतला होता. मग नणंद राहायला आली आणि सहाव्या दिवशी मोडला. देवाला म्हटलं, झेपेल तेवढाच घेते.

हॉटेलवाला : पण मग काकांनी सकाळीच विचारायचं ना.

बाई : विचारतात की. मी भाजी निवडत बसते. गप्प बसणं म्हणजे खोटं नव्हे. आणि संध्याकाळी मी म्हणते, 'तुमची इच्छा तीच माझी,' तेव्हा ते खरं धरत नाहीत.

हॉटेलवाला : काकू, झाकण. नऊ नंबर.

बाई : दिसलं.

हॉटेलवाला : मी घेऊ?

बाई : तुम्हाला येतं? हॅलो, नंबर सांगा.

नऊ नंबर : हॅलो, ते काय आहे, खोलीतल्या पेटीतला बर्फ... काय म्हणालात?

बाई : नंबर सांगा.

नऊ नंबर : ...दोनशे चौदा.

हॉटेलवाला : काय म्हणतायत?

बाई : दोनशे चौदा म्हणतायत.

हॉटेलवाला : आपल्याकडे बाराच खोल्या आहेत.

बाई : तुम्ही चार नंबरला गरम पाणी पोचलं का बघून या. दोनशे चौदा, बर्फ कारखाना. कुठे लावायचाय?

नऊ नंबर : बंदरावर. नेहमीचाच. किती लाद्या पाठवायच्या ते विचारायला. पण घाई नाही. तुमच्याकडे हवा कशी आहे?

बाई : तुमच्याकडे आहे तशीच. कारखाना एक्सचेंजच्या मागच्या गल्लीत आहे.

नऊ नंबर : तरी खात्री केलेली बरी. बर्फाचं काम आहे. बाई, एक विचारू? पावसाळ्यानंतरची गोष्ट. आमच्या मालकांच्या नावानं फोन लावला होता, पण मालक आलेच नव्हते, मी तुमच्याशीच बोलत होतो. त्या दिवशी तुम्ही 'तीन मिनिटं झाली, वाढवायची का?' हे विचारायला विसरलात. अकरा मिनिटं झाली होती.

बाई : विसरले नव्हते.

नऊ नंबर : नव्हतात?

बाई : सुपरवायझरनं दोनदा माझ्या खुर्चीला लाथ मारली. मी तिला सांगितलं, घड्याळ बंद पडलंय.

नऊ नंबर : चाळीस वर्षं मला वाटतंय, तुम्ही विसरलात.

बाई : तुम्ही नेहमी रात्री विचारायचात. रात्री मी 'विसरले' म्हणायचे.

नऊ नंबर : बरं. मग आता घड्याळात पावणेबारा झालेत, तर त्याच बाईंना आणखी एक विचारायचंय. समोर विचारलं की त्या भाजी निवडायला घेतात.

बाई : ऑपरेटर ग्राहकाच्या बोलण्यात पडत नाही.

नऊ नंबर : मग त्यांना जोडून द्या.

बाई : लाईन व्यस्त आहे.

नऊ नंबर : मी धरतो. मला सवय आहे. धरलाय हं.

बाई : जोडलंय. बोला.

नऊ नंबर : अगं, तुला जायचंय का तिकडे?

बाई : नाही.

नऊ नंबर : बरं.

बाई : सून वाईट आहे म्हणून नाही हं. चांगली आहे, हीच अडचण. गेल्या वेळी आठ दिवस राहिलो, तर मला कप विसळू देईना. 'आई, तुम्ही बसा.' बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. चौथ्या दिवशी मला वाटायला लागलं, भिंतीवर हे एवढं कपाट आहे, सगळ्यांच्या दोऱ्या लागलेल्या आहेत आणि माझी तेवढी काढून ठेवलीय. आपल्या घरी सकाळी माझ्या हातानं फुलं निघतात, माझ्या हातानं पाणी भरलं जातं. मला ते हवंय. झालं. सांगितलं.

नऊ नंबर : तीन आठवडे का नाही सांगितलंस?

बाई : तुम्ही 'हो' म्हणून मोकळे झाला होतात. नातवाबरोबर बॅट-बॉल खेळायचं म्हणत होतात. तुमच्या गुडघ्यांवर कुणाचा विश्वास बसावा?

नऊ नंबर : नातवाचं ते असंच, सांगायला.

बाई : मग खरं काय आहे?

नऊ नंबर : मला कुठे नेम आहे? मी केव्हाही काहीही सांगू शकतो.

बाई : अहो, दोनशे चौदा.

नऊ नंबर : गेल्या थंडीत तू बाथरूमच्या दारात पडलीस. संध्याकाळी. आठवतं?

बाई : जरा घसरले होते.

नऊ नंबर : जेवणाआधी बोलतेयस. नीट सांग.

बाई : ...चक्कर आली होती.

नऊ नंबर : मी विचारलं, बरी आहेस ना? तू खाली पडल्यापडल्या म्हणालीस, 'एकदम बरी.' तुझे डोळे मिटत होते आणि तू 'एकदम बरी' म्हणत होतीस. मी मुलाला फोन करायला गेलो. मोबाइल बंद पडला होता. शेजारी टाळं. रस्त्यावरून कुणाचा तरी फोन मागून घेतला, हातात धरला आणि मला त्याचा नंबर आठवेना. पोटच्या पोराचा नंबर, एक आकडा आठवेना. मला जन्मात एकच नंबर पाठ आहे, एक्सचेंजचा. तो लावून काय उपयोग, ती ऑपरेटर माझ्या बाथरूममध्ये पडलेली.

बाई : हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.

नऊ नंबर : तू दहा मिनिटांनी उठून वरण फोडणीला टाकलंस. कुणाला बोलू? पण तेव्हापासून संध्याकाळ झाली की मी तुझ्या मागेमागे फिरतो, ते तुला वाटतं मला खायला हवंय.

बाई : मी तुम्हाला शेंगदाणे देत राहिले.

नऊ नंबर : खात राहिलो. वजन वाढलं. म्हणून हो म्हणालो त्याला. तिथे चार माणसं असतील. लाईनवर आहेस ना?

बाई : आहे. तीन मिनिटं केव्हाच झाली.

नऊ नंबर : मग नेहमीसारखं विचार की.

बाई : वाढवायची का?

नऊ नंबर : वाढव. पण कॉल नको, तुझा नेम वाढव.

बाई : म्हणजे?

नऊ नंबर : तो जेवणापर्यंत आहे. झोपेपर्यंत कर. सगळा नको. माझ्या बहिणीशी काय बोलायचं ते बोल. फक्त 'बरी आहे' एवढं एक वाक्य झोपेपर्यंत खरं असायला हवं. तसं असेल तर मी आपल्या घरी राहीन. नसेल तर मला तिसरी खोली हवी.

बाई : नेम असा फोनवरून वाढवता येत नाही. हात-पाय धुऊन, देवासमोर बसून घ्यावा लागतो.

नऊ नंबर : देव काय, बर्फाच्या कारखान्यातलंही ऐकत होता.

बाई : तुमच्या सोयीचा देव आहे. ...आणि एकदा घेतला की मोडायचा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? मग चक्कर आली की मी चक्कर आली म्हणणार. गुडघा दुखला की गुडघा. रोज संध्याकाळी ऐकावं लागेल.

नऊ नंबर : शेंगदाण्यांपेक्षा बरं.

बाई : मग घेतला. झोपेपर्यंत, तब्येतीपुरता. संध्याकाळी देवासमोर बसून पक्का करते.

हॉटेलवाला : काकू, चार नंबरला पाणी पोचलं, खूश आहेत. हे वरचं मोठं झाकण पडलंय, ते कुठलं?

बाई : बाहेरची लाईन. किती वाजले?

हॉटेलवाला : बारा.

बाई : अहो, त्याचा फोन आला. देते जोडून.

नऊ नंबर : अगं, तूच सांग ना त्याला.

बाई : 'हो' तुम्ही म्हणाला होतात, त्यामुळे तुम्हीच सांगा. मी जोडते. हॅलो... हो रे, मीच. इथे कामाला लागलेय... गंमत नाही करत, खरंच. थांब, बाबांना जोडते. नऊ नंबर, बोला.

हॉटेलवाला : हे काय, कानाचं काढून ठेवलंत? ऐकत नाही?

बाई : जोडून दिलं की खटका मधोमध आणायचा. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, हा पहिला नियम.

हॉटेलवाला : पण दुसऱ्याचं कुठे? तुमच्याच घराचं चाललंय.

बाई : म्हणून तर. भिंतीवर घड्याळ आहे त्याकडे बघा आणि तीन मिनिटं झाली की मला सांगा.

हॉटेलवाला : तीन मिनिटं लांब असतात हो काकू.

बाई : तेव्हाही असायची. तुम्ही तोवर ती लंगडी उरकून घ्या. मोबाइल म्हणाला होतात.

हॉटेलवाला : तुम्हीही.

बाई : माझी चक्कर येण्याची तक्रार आहे. खरं सांगतेय, अजून जेवले नाही.

हॉटेलवाला : ...झाली तीन मिनिटं. झाली की पुरी.

बाई : तुम्ही घाला लंगडी. हॅलो, तीन मिनिटं झाली. वाढवायची का?

नऊ नंबर : नको. ठेवला त्यानं.

बाई : काय सांगितलंत?

नऊ नंबर : दोनच खोल्या घे म्हटलं. आलो तर गादी खाली टाकू.

बाई : मग?

नऊ नंबर : म्हणाला, आई बरी आहे ना? म्हटलं, तिलाच विचार. वाटेल तेव्हा विचार, आता संध्याकाळीही चालतं.

बाई : बरं केलंत. खाली या आता. साडेबाराला पानं वाढतात.

नऊ नंबर : येतो. त्याचा नंबर लिहून घेतलाय, तो पाठ करतोय. केवढे आकडे असतात गं.

बाई : म्हणून दाखवा.

नऊ नंबर : चुकलो तर?

बाई : म्हणा तुम्ही. मी ऐकतेय.