बाही बदलल्यावर

नाही मॅडम, तिथून नाही दिसणार, इकडे जिन्याच्या बाजूला या — हां, इथे. कठड्याला टेकू नका, पांढरं होईल. इथे सगळंच पांढरं होतं. मी सकाळी निळा शर्ट घालून आलो होतो, आता बघा, पिठाच्या गिरणीतून बाहेर आल्यासारखा दिसतोय — तर काय सांगत होतो, हा डबा. तुम्ही मघाशी विचारलंत ना, एवढ्या मोठ्या टाकीचं वजन हा एवढासा डबा कसा तपासणार? बरोबर विचारलंत, सगळेच विचारतात. ही टाकी, हॉपर म्हणतात हिला, ही तीन लोडसेलवर टांगलीय. लोडसेल म्हणजे काय — लोखंडाचा ठोकळाच, त्याच्यावर भार आला की केसभर वाकतो, आणि वाकला की वायरीतून इतकासा इशारा पाठवतो. तो इशारा वाचून हा इंडिकेटर आकडा दाखवतो. आकडा भरला की खालच्या मोठ्या बॅगेत पावडर सोडायची, झालं. आता या टाकीला मापाची वजनं लावून बघायचं तर क्रेन आणा, साखळ्या आणा, काम बंद ठेवा — कोण करतं? म्हणून मी टाकीकडून आलेल्या वायरी सोडवतो आणि त्या जागी हा डबा लावतो. सिम्युलेटर. हा लोडसेलचं सोंग घेतो. बटण इथे आणलं की हा इंडिकेटरला सांगतो, पाचशे किलो आले. आणि तो बिचारा — बघा — पाचशे. टाकीत चमचाभर पावडर नाही, पण तो म्हणतोय पाचशे. हजार सांगितलं, हजार. निमूट ऐकतो. आमच्या घरात असं ऐकणारं एखादं माणूस असतं तर काय पाहिजे होतं.

हो, बरोबर आहे. सगळे आकडे बरोबर आलेत, भार चढवताना, उतरवताना, दोन्ही वेळेला. तसंच लिहीन. लिहावंच लागेल. पण मॅडम, त्याच्याखाली अजून एक वाक्य लिहू द्या. इंडिकेटर बरोबर आहे याचा अर्थ वजन बरोबर होतं असा नाही होत. म्हणजे बघा, एखाद्या माणसाचे कान तपासले आणि कान ठणठणीत निघाले, म्हणून त्याला सांगणारा खरं बोलत होता असं म्हणाल का तुम्ही? मी फक्त कान तपासलेत. सांगणारे वर आहेत, लोडसेल, आणि त्यांना सांगणारी ही टाकी — आणि टाकीला, आता वर बघा, मान अजून थोडी वर करा — ती पांढरी कापडी बाही दिसते ना, वरच्या पाइपाच्या आणि टाकीच्या मध्ये? पाइप भिंतीला पक्का आहे. टाकी मोकळी लटकली पाहिजे. म्हणून दोघांच्या मध्ये मऊ कापड, स्लीव्ह म्हणतात तिला. मऊ आहे तोवर ठीक. पण ही पावडर ओल धरते, रंगात घालायची पावडर, महाग, आणि चिकट — बाहीत बसत जाते, घट्ट होत जाते. मग ती बाही टाकीला वरून धरून ठेवते. लहान मूल काखेत उचलून वजनकाट्यावर उभं केल्यासारखं, मूल तेवढंच, काटा कमी दाखवणार. काटा कमी दाखवतो म्हणून माणूस जास्त भरतो. बॅगेवर लिहिलं हजार, आत गेले हजाराच्या वर. प्रत्येक बॅगेत थोडं थोडं. आणि ज्याला जास्त मिळालं तो तक्रार करतो का? आजवर केलीय कुणी? तुमच्या गोदामात मोजणीला जी पावडर कमी भरली ना, ती कुणी विकली नाही, मॅडम, ती बॅगांतूनच गेली. रंगात मिसळली, आज कुणाच्या तरी बैठकीच्या भिंतीवर वाळलीय.

असं मला वाटतं. वाटतं असंच म्हणतोय मी. सिद्ध कसं करू? मी वर चढून बघितलं — बाही नवी कोरी. मागच्या शटडाउनला, प्लांट बंद होता तेव्हा बदलली. मेंटेनन्सवाल्याला म्हटलं, जुनी कुठाय, तर तो हसला मला, म्हणाला, जुन्या बनियनचा हिशेब ठेवतोस का रे? कचऱ्यात गेली, जाळली. बाही बदलली आणि दुसऱ्याच आठवड्यात त्या पॅकिंगच्या माणसाला चोरीच्या संशयावरून घरी बसवलं, मास्तर म्हणतात त्याला सगळे, तुम्ही चौकशीच्या कागदांत वाचलंच असेल. म्हणजे बघा कसं झालं, वजन चुकत असेल तर ते आता दुरुस्त झालं, आणि दुरुस्त झालेल्या वजनावरून मला ठरवायचंय की तेव्हा ते चुकत नव्हतं. आज तुम्ही क्रेन लावा, खरी वजनं टांगा, सगळं जुळणार. मला माहितीये जुळणार. आणि जितकं जुळेल तितका तो माणूस आत जाणार. वजन बरोबर, हिशेब कमी, मग राहिलं कोण — तो. सरळ आहे. मी तुमच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

कुणी तक्रार केली होती का बाहीची? केली ना. लेखी नाही, तोंडी. इथे लेखी कोण देतं, वरच्याला सांगायचं, वरचा मान डोलावतो, संपलं. पण सांगितलं होतं, दोनदा तरी. बाहीवर टिचकी मारली की पत्र्यासारखी वाजते म्हणाले, जेवताना विषय निघाला होता, ताटावर वाजवून दाखवलं मला, हे असं, आणि मी म्हणालो दाजी, तुम्ही तुमच्या साहेबांच्या मागे —

हो.

हो, मास्तर माझे दाजी. माझ्या ताईचे मिस्टर. नाही, लपवत नव्हतो, सांगणारच होतो, काम झाल्यावर — आधी सांगितलं असतं तर तुम्ही मला फाटकातून आत घेतलं असतं का? आमच्या ऑफिसला काय, काटे तपासायची यादी येते, या भागात मीच फिरतो, माझं नाव आलं. मी नको म्हणू शकत होतो, ते खरं. ताई म्हणाली नको म्हणू नकोस. आता ही गोष्ट उलट तुम्हाला सांगतो म्हणजे कळेल मी कसा माणूस आहे ते — काल ती आली, माझ्यासमोर बसली, रडली वगैरे नाही, रडणाऱ्यातली नाहीच ती, म्हणाली, तुझ्याच हातात असतं ना सगळं, जरा चुकतंय असं दाखव. एका बटणाचं काम म्हणालास ना मागे? मी म्हटलं, ताई, मी वजन बरोबर करायला जातो. तर म्हणते, मग तुझ्या दाजींना बरोबर करायला कोण जाणार? पण मी केलं नाही, मॅडम. इंडिकेटरचं सील बघा, शाबूत आहे, नखसुद्धा लावलेलं नाही. मी फक्त — एवढी वर्षं हे काम करतोय, आकडा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून लावून बघतो, आज पहिल्यांदा चुकावा असं वाटत होतं. वजनाच्या प्रत्येक पायरीला. आता चुकेल, पुढच्याला चुकेल. तो मेला चुकतच नाही.

फोन ठेवा ना जरा. ऑफिसला करताय, करा, तुमचा हक्क आहे, दुसरा माणूस पाठवतील ते. तो येईल, असाच डबा लावेल, हेच आकडे येतील, तपासल्याची हीच चिठ्ठी चिकटवेल, चहा घेईल आणि जाईल. वर मान करून बघणार नाही. त्याने का बघावं? बाही त्याच्या कामात येतच नाही, माझ्याही कामात येत नाही खरं तर. एवढंच म्हणतो, ते दुसरं वाक्य राहू द्या कागदावर. कुणाच्याही सहीने राहू द्या. बाही बदललेली आढळली, आधीची तपासता आली नाही. यात खोटं काहीच नाही. माझं नातं असलं म्हणून ते खोटं होतं का?

आणि तुम्ही त्यांना भेटलाच नाहीत अजून. एकदा भेटा. उन्हाळ्यात पाणी मागताना लाजणारा माणूस आहे, नव्या पोरांना काम शिकवतो म्हणून मास्तर नाव पडलं. चोरी करणाऱ्याचं घर कळतं की हो, घरी या, बघा — तेच जुनं कपाट, दार लावायला खाली पुठ्ठा घालावा लागतो, तोच पंखा, तीच सायकल. फरशी तेवढी नवी, तीसुद्धा पुढच्याच खोलीत, आणि तीही ताईच्या शिवणाच्या पैशातली. म्हणजे बरीचशी ताईच्या. उरलेले दाजींनी घातले असतील, मी विचारलं नाही, बहिणीच्या नवऱ्याला असं कोण विचारतं? विचारावं असं मनात आलं होतं एकदा. पण तिथे ताई उभी होती, चहाचा कप घेऊन, अनवाणी, नव्या फरशीवर — इतकी खूश होती ती, म्हटलं जाऊ दे. आणि तुम्हाला काय वाटतं, मला खात्री आहे म्हणून मी इतका बोलतोय? खात्री असती तर मी सकाळीच सही करून —

तुम्ही काय लिहिताय?

मघाशी बाहीचं सांगत होतो तेव्हा तर पेन बंद होतं तुमचं. फरशीचं काय लिहायचंय त्यात? घरात फरशी बसवतात लोक. ते मी असंच बोललो, त्यांची बाजू सांगायला बोललो, ते त्यांच्या विरुद्ध कसं लागेल? नाही, खोडा ते. पहिल्या ओळीपासून खोडा, नाहीतर मी काय म्हणालो ते सगळं लिहा, कपाट लिहा, सायकल लिहा, बाहीवरची टिचकी लिहा.

काय?

कधी बसवली म्हणजे? कशाला हवंय ते?

थांबा, टाकीच्या वायरी आधी परत जोडू द्या.

मला नाही आठवत, मॅडम. हो, दिवसभर आकड्यांतच असतो मी, पण ही तारीख नाही आठवत. आठवत नाही असंच लिहा. आणि मला जाऊ द्या आता.