गाडी घ्यायच्या आधी काकांना विचारलं

अरे, हसू नका, आधी शनिवारी हडपसरच्या शोरूममध्ये माझं काय झालं ते ऐका!

मी एक कोरियन गाडी बुक केली होती. पांढरी, सनरूफवाली. चार महिने वाट बघून नंबर लागला आणि मला कुठून बुद्धी झाली, खालच्या मजल्यावरच्या देवधर काकांचं मत विचारायला गेलो. त्यांच्याकडे त्याच कंपनीची पंधरा वर्षं जुनी गाडी.

काका तासभर बोलले. “अहो, मुळात गॅरेजवाल्याने काढलेली कंपनी ती! इंजिनसुद्धा आधी दुसऱ्यांचंच बसवायचे. आमची गाडी एसी लावला की चढ चढत नाही, स्पीडब्रेकरला पोट घासते. विचारलंत म्हणून सांगतो.”

झालं! बायको नको नको म्हणत असताना मी फोन करून बुकिंग रद्द केलं. कागदांवर सही तेवढी राहिली होती, ती करायला शनिवारी गेलो, तर आत टाळ्यांचा कडकडाट! लाल कापड ओढलं, खाली पांढरी, सनरूफवाली गाडी आणि शेजारी पेढ्यांचा बॉक्स घेऊन देवधर काका!

“काका, तुम्ही?”

“अहो, माझा नंबर दिवाळीनंतरचा होता. मध्ये कुणीतरी बुकिंग रद्द केलं, म्हणून आजच मिळाली!”

“आणि ते सगळे दोष?”

“आहेत ना! पण ते मला पाठ आहेत. या वयात दुसऱ्या कंपनीचे कुठे पाठ करत बसू? घ्या, पेढा घ्या.”

घेतला! चांगले दोन घेतले. माझ्याच गाडीचे होते!