भरल्या वांग्यांचा सर्जन

...आणि वर आमचे बॉस खांद्यावर हात ठेवून म्हणतात काय, "इट्स ओन्ली टू इयर्स, पुष्कर!" दोनच तर वर्षं! अहो, म्हणायला यांच्या बापाचं काय जातंय? तुम्हीच सांगा, एखाद्या गवयाला म्हणा, बाबा रे, दोन वर्षं तोंड उघडू नकोस, नुसतं गाण्यावर संशोधन कर, मग तुला मैफलीत बसवू. बसेल तो गप्प? पण मी बसलो! मी, सांगलीचा पुष्कर, हृदयाची बायपास करायला म्हणून लंडनला आलेला माणूस, दोन वर्षं झाली, जिवंत हृदय लांबूनसुद्धा बघितलेलं नाही!

तुम्ही म्हणाल, सर्जनला संशोधन कशाला? हेच मी आमच्या बॉसना विचारलं होतं. प्रोफेसर विटकोम्ब. आवाज इतका मऊ की माणूस आपल्याला हाकलतोय हे आपल्याला घरी गेल्यावर कळतं. म्हणाले, "यू वाँट द ट्रेनिंग पोस्ट, पुष्कर?" म्हटलं, सर, त्याचसाठी तर समुद्र ओलांडलाय! "देन यू नीड रिसर्च." म्हणजे बघा हं, पक्की जागा मिळाली तर ऑपरेशन शिकायला मिळणार, जागा मिळायला मुलाखतीत मार्क पाहिजेत, मार्कांना संशोधन पाहिजे, आणि संशोधन करायचं तर ऑपरेशन थिएटरच्या बाहेर! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही... आपल्याकडं म्हण आहे, इथं त्याला फेलोशिप म्हणतात.

बरं, विषय तरी काय द्यावा? "ऑपरेशनपासून लांब राहिल्यावर सर्जनचा हात बिघडतो का?" अहो, बिघडतो! आमच्या सांगलीतला शिंपीसुद्धा सांगेल, फुकटात सांगेल! पण नाही. "वी नीड एव्हिडन्स, पुष्कर." पुरावा पाहिजे यांना. आणि पुरावा कोण? मी! दर महिन्याला कत्तलखान्यातून डुकराचं हृदय यायचं, त्यावर मी एक नळी शिवायची, मग तिच्यातून पाणी सोडून बघायचं किती गळतंय. आणि मधल्या काळात? सुईला हात लावायचा नाही! कडक उपास! माझ्याबरोबर आणखी काही जण होते या उपासाला, पण ती पोरं शहाणी, शनिवार-रविवार दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊन गुपचूप टाके घालून यायची. सापडली, अभ्यासातून बाद झाली, आणि आता मजेत ऑपरेशनं करतायत! राहिलो कोण? नियम पाळणारा गाढव!

आणि हात बिघडला हो. पहिल्यांदा थेंब थेंब गळायचं, मग धार लागली. प्रोफेसरांनी आलेख काढला. लंगडीच्या खेळात पोर धपकन पडावं तशी रेघ खाली. तर हे चष्मा पुसत म्हणतात, "व्हॉट अ ब्यूटिफुल कर्व्ह!" ब्यूटिफुल? अहो, माझे हात मरतायत तिथं! एकदा तर शर्टाचं बटण लावताना बोट अडखळलं! आणि नेमका तेव्हाच आईचा फोन. "काय रे, या महिन्यात किती जणांना वाचवलंस?" काय सांगू तिला? आधीच ती नाराज, कारण इथं सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात. "एवढं शिकून परत मिस्टरच?" म्हटलं, आई, दोनच तर वर्षं!

मग मात्र मी घाबरलो. म्हटलं खड्ड्यात गेले नियम, चोरून का होईना, हात चालू ठेवायचा. आता मी राहतो लंडनच्या टोकाला, एजवेअरला, लीलावतीकाकूंच्या वरच्या खोलीत. काकू सदाशिव पेठेतल्या. मी भीत भीत विचारलं, काकू, फ्रीजरमध्ये एक हृदय ठेवलं तर चालेल का? छोटंसंच आहे. "पुष्कर," काकू म्हणाल्या, "ह्या घरात चाळीस वर्षांत अंडं आलेलं नाही. डुकराचं हृदय आलं, तर तू त्याच्याबरोबर बाहेर जाशील." मग जरा विरघळल्या. "शिवायचंच आहे ना तुला? मग ही वांगी शिव! मेली दर वेळी मसाला सोडतात."

हसू नका! वांगं म्हणजे सोपं नाही हो. वरून मऊ, आत गच्च मसाला, जरा ओढलं की फाटतं... म्हाताऱ्या माणसाच्या रक्तवाहिनीचं हुबेहूब असंच असतं! लॅबमधला तारीख उलटून गेलेला धागा आणला, निळा, बारीक, आणि बसलो स्वयंपाकघरात. तुम्हाला सांगतो, महिन्याभरात मसाल्याचा एक कण बाहेर येईना! वाढताना टाके कापून काढायचे, की वांगं अखंड. इथल्या मराठी मंडळाच्या बायका विचारायला लागल्या, "अगं लीलावती, हे जमतं कसं तुला?" काकू नुसत्या हसायच्या. फक्त एकदा हळदीकुंकवाच्या जेवणाला गडबड झाली. आमच्यात सुया मोजल्याशिवाय पेशंट बंद करत नाहीत. मी मोजल्या, तर एक सुई कमी! मी ओरडलो, "कुणी जेवायचं नाही!" पानं वाढलेली, बायका घास घेऊन थांबलेल्या, आणि मी चिमटा घेऊन एकेक वांगं उघडतोय... सुई निघाली काकूंच्या पैठणीच्या पदराला. पण वांगी थंड झाली, म्हणून काकू दोन दिवस बोलल्या नाहीत.

आणि इथंच घात झाला. पुढच्या महिन्याच्या चाचणीत एक थेंब गळला नाही! आलेख वर! प्रोफेसरांचा चेहरा असा पडला, जसं मी त्यांचं कुत्रं मारलंय. "पुष्कर, हॅव यू बीन प्रॅक्टिसिंग?" खोटं बोलता येत नाही हो मला. म्हटलं, भरली वांगी, सर. ते गंभीरपणे म्हणाले, "इज दॅट अ सिम्युलेटर?" मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, चहा ओतला आणि त्याच मऊ आवाजात म्हणाले, "तो महिना आपण धरायचा नाही. आणि हे थांबव. पेपर झाला नाही तर जागाही नाही. इट्स ओन्ली टू इयर्स!" काय करणार? व्हिसा त्यांच्या हातात. थांबवलं. मग घरी वांग्यांचा रस्सा झाला आणि लॅबमध्ये माझ्या हातांचा.

पण पेपर छापून आला! आणि गेल्या आठवड्यात ती मुलाखत. समोर तिघं, मधल्या बाई माझा पेपर हातात घेऊन म्हणाल्या, "आउटस्टँडिंग!" संशोधनाला पैकीच्या पैकी! मनात म्हटलं, आई, ठेव देवापुढं पेढे! मग बाईंनी पान उलटलं. "तुमच्याच पेपरप्रमाणे, इतका काळ लांब राहिलेल्या सर्जनच्या हाती पेशंट देणं धोक्याचं आहे. युअर एव्हिडन्स इज व्हेरी कन्व्हिन्सिंग. तुम्ही स्वतः किती काळ लांब आहात?" आणि काय सांगू, माझ्याच तोंडून निघालं, "दोनच तर वर्षं!"

जागा गेली. बाहेर कार पार्कमध्ये उभा राहून रडलो हो मी, लाज नाही वाटत सांगायला. तर प्रोफेसरांचाच फोन! "डोंट वरी, पुष्कर. नवीन अभ्यास आहे, एकाच वर्षाचा. बिघडलेला हात परत येतो का? तुझ्याइतका बिघडलेला हात या देशात दुसरा नाही!" मला एकदम आशा आली. म्हटलं, सर, म्हणजे मला रोज थिएटरमध्ये शिकवणार? "नो, नो. तो दुसरा गट. शिकवल्यानं फरक पडला हे दाखवायला, ज्याला काहीच शिकवलं नाही असाही माणूस लागतो ना? तो तू. आणि पुष्कर... नो व्हेजिटेबल्स."

काल काकूंनी सांगलीची वांगी आणली. कुणीतरी बॅगेतून आणून दिली होती, काटेरी, जांभळी, चमकणारी. सुई-दोरा माझ्यापुढं ठेवला. मी हात पाठीमागं घेतले. म्हटलं, काकू, यंदा नुसते काप करून तळा.

एकच तर वर्ष!