पंधरातनं आठ

आमी मूळचं करकंबचं. घरी मेंढरं, जरा कोरडवाहू रान, पर मी शाळंत बरी होते म्हणून आबांनी डी.एड. करू दिलं, मग लगीन होऊन सोलापुरात शुक्रवार पेठंत आले आन् तितल्याच एका खाजगी शाळंत पहिलीला शिकवाय लागले. शाळेचं नाव सांगत न्हाय.

बारक्या पोरांचं गणित, काय सांगू तुमाला, घाई केली की नासतंय. मी चिंचोके मांडायची. आठ आन् पाच किती, तर पाचातले दोन आठाला दे, दहा भरले, उरले तीन, झाले तेरा. पोरं आदी चिंचोके सरकवायची, मग बोटांवर मोजायची, मग एक दिवस नुसतं डोळं मिटून सांगायची. ते मनातलं गणित. आपोआप मुरतंय.

पर शाळेच्या मालकाला, आमी त्यांना सर म्हणायचो, गॅदरिंगला फास्ट गणिताचा तमाशा पायजे होता. म्हणले पोरांचे हात पाठीमागं रिबनीनं बांदा, म्हंजे पालकांना दिसंल की बोटं वापरत न्हाईत, आन् गणितं मी ठरवून देतो, उत्तरं ओळीनं पाठ करून घ्या. मी म्हणलं सर, ह्यात गणित कुटं हाय? तर म्हणले मॅडम, ॲडमिशन तुमी आणणार का? लहान लेकरांचे हात बांदायचे, शी! मी न्हाय बांदले, दुसऱ्या बाईंनी बांदले.

गॅदरिंगला एका पाहुण्या बाईंनी मदीच आपल्या मनानं विचारलं, पंधरातनं आठ गेले तर? सगळी पोरं एका सुरात ओरडली, बारा! ओळीत पुढचं उत्तर बारा होतं की. आन् पालकांनी काय करावं, टाळ्या वाजवल्या. एवढी शिकलेली माणसं, पर एकानं मनात वजाबाकी केली न्हाय.

माझ्या वर्गातली, रिक्षावाल्या सलीमभाईंची सानिया तेवढी ओठ हलवत हुबी. जरा वेळानं म्हणली, सात. सर माईकवरनं म्हणले, बेटा, सगळे बारा म्हणतात, तू एकटीच चुकलीस. लोक हसले. पोरगी रडाय लागली. मी सरळ स्टेजवर गेले, तिची रिबन सोडली, म्हणलं कसं काढलंस गं? हुंदके देत म्हणली, टीचर, आठातले पाच आदी काढले, दहा राहिले, अजून तीन काढायचे होते, मग सात.

 तेवढ्यात सरांनी खूण केली आन् नाचाचं गाणं लागलं.

मला काढून टाकलं. बेशिस्त म्हणे. सलीमभाई घरी आले, मान खाली घालून म्हणले, टीचर, टाळी मीबी वाजवली. सानियाला तुमीच शिकवा, फास्ट नको.

आता सकाळी पेठंतली पोरं माझ्या घरी येतात, सानियाबी येते, खोली भरून जाती. त्या शाळंत यंदाबी तोच खेळ झाला, प्रवेशाला रांग माझ्या दारापतुर. बघून अजून किळस येती. माझी पोरं आपापल्या चालीनं शिकोत, शहाणी होवोत. सरांचंबी भलं होवो म्हणाय पायजे, माणसानं वाईट चिंतू न्हाय, पर ते काय अजून तोंडातनं निघत न्हाय.