थोरल्या कोंडीची उघाडी मी लिंपली

अन्याय झाला तो आमच्या थोरल्या कोंडीवर, तिच्यातल्या पाखरांवर आणि माझ्या धाकट्या जावेवर, सोनीवर, आणि तो झाला गेल्या माघी पुनवेला, दुपारची भरती वळली त्या घटकेला. करवून घेणारा मिठागराच्या शेठचा माणूस, पण हात माझे. हे आधी लिवा, मग बाकीचं.

मी धरमतर खाडीच्या काठची, पेण तालुक्यातली. बाप मिठागरात, आजा मिठागरात, आणि लगीन होऊन आले तीपण मिठागरातच, म्हणजे माहेर सुटलं पण चिखल काय सुटला नाय. आमच्यात बायांनी डोक्यावरून मीठ वाहायचं आणि पाणी पुरुषांनी बघायचं अशी रीत, पण पुरुष एकेक करून रोह्याच्या कंपन्यांत लागले, माझा नवरापण गेला, शिफ्ट करून यायचा आणि निजायचा. आता पाणी काय त्यांच्या मागं रेल्वेत बसून रोह्याला जाणार हाय? मग उघाडी माझ्या हाती आली. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. उधाणाला फळ्या काढायच्या, खाडीचं पाणी कोंडीत, म्हणजे मिठासाठी पाणी कोंडून ठेवायच्या तळ्यात, घ्यायचं, आणि भरती वळायच्या आत फळ्या परत टाकायच्या.

आणि कोंडी म्हणाल तर नजर पुरणार नाय एवढी मोठी, पण खोल किती, तर माझ्या गुडघ्याला लागत नाय. म्हणून तर ती तापते. पाणी नवं असतं तेव्हा त्यात बोयटं असतात, निवट्या असतात. ऊन लागून पाणी आटतं, खारट होतं, मग मासळी काठाला येऊन तडफडते, ती सोनी जाळं फेकून पागून न्यायची आणि पेणच्या बाजारात विकायची. माझा दीर गेल्यापासून तिची चूल त्याच्यावर. मासळी संपली की पाणी हिरवं पडतं, मग लालसर, आणि त्यात बारीक लाल किडे होतात, ओंजळीत पाणी घेतलं तर ओंजळ वळवळते. ते किडे खायला ती लांब पायांची गुलाबी पाखरं येतात, तुम्ही त्यांना रोहित म्हणता, आम्ही आपले गुलाबी बगळे म्हणतो. डोकं उलटं करून चोच पाण्यात अशी फिरवतात, बाई तळाशी करपलेलं भांडं घासते ना, तशी. किडे खाऊन खाऊनच ती गुलाबी होतात, त्यांची लहान असतात ती राखाडीच असतात.

पण हे सगळं पाण्यावर. पाणी पातळ झालं तर मासे जगतात आणि किडे खाऊन टाकतात, पाखरू उपाशी. पाणी फार घट्ट झालं तर मीठ धरतं, किडे मरतात, परत पाखरूच उपाशी. मधलं पाणी राखायला दर उधाणाला उघाडीशी कुणीतरी लागतं. ती मी. मिठागर बंद पडलं, शेठ म्हणाला परवडत नाय, आमची मिठाची वाफं फुटून गेली, तरी मी उधाणाला बांधावर जायची. कुणी सांगितलं नव्हतं. हात राहत नाय हो.

मग माघात शेठचा माणूस मोटरसायकलवर आला. वयनी, यंदा उघाडी बंद करा, पक्की लिंपा, थेंब आत येता कामा नये, तुमच्यासारखं लिंपणं दुसऱ्या कुणाला येतंय? आता बघा, पुनवेच्या उधाणाला दार लिंपायचं हे काम आम्ही करतो ते मिठाचा हंगाम धरायला. मला वाटलं मिठागर परत चालू होतंय. मी विचारलंच नाय. फुगलेच मी. खाजणातली काळी माती पायांनी मळली, पेंढा घातला, फटी भरल्या, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. खोबरं वाटत सुटले गावभर.

सोनीला दिलं तर ती म्हणते, गो वयनी, वाफं फुटलेली, कुणी तुडवून घट्ट केलेली नायत, मग मीठ धरणार कुठं? तुझ्या टाळूवर?

मी म्हटलं, तू तुझ्या मासळीपुरतं बघ. आजूबाजूच्या बाया हसल्या. ती खोबरं चावत राहिली.

चैत्र लागेपर्यंत कोंडीची कोरडी थाळी झाली. पाखरं उरल्या पाण्याकडं सरकत सरकत एका डबक्यात दाटीनं उभी राहिली आणि एक दिवस उठून गेली. एक राखाडी पोर मागं राहिलं. त्याच्या पायांना खारा चिखल वाळून बसलेला, मडक्याचे तोडे घातल्यासारखा, उडायला बघायचं आणि तोंडावर पडायचं. सोनी चिखलात उतरली, त्याला काखेत धरलं, कळशीतल्या पाण्यानं पाय भिजवून भिजवून सोडवले. ते गेलं खाडीकडं. मी बांधावर उभी. माझे पाय कुणी बांधले नव्हते, तरी खाली उतरवलं नाय.

मग ट्रक आले, लाल मातीचे. मी धावत गेले, म्हटलं मीठ धरायच्या जागेवर माती काय टाकताय? तो माणूस हसला, अहो वयनी, कसलं मीठ? पाण्यात भराव टाकला की लोक बोंब मारतात, कोरड्या जमिनीला कोण विचारतंय! म्हणजे ती कोरडी दाखवायला त्याला माझे हात हवे होते.

सोनी आता दुसऱ्याच्या उन्हाळी भातशेतीवर मजुरीला जाते. ती माझ्याशी बोलायची बंद झाली असती तर बरं झालं असतं. बोलते. परवा बांधावर भेटली, उघाडीवर हात फिरवून म्हणाली, काय लिंपलंयस गो वयनी, अजून एक चीर नाय.

अर्धी कोंडी गेली. अर्धी अजून उघडी हाय, पावसाआधी तीपण बुजवणार. येत्या पुनवेला दुपारच्या भरतीला मी ते लिंपण फोडणार, फळ्या काढणार, पाणी आत घेणार, मग म्हणू दे त्यांना कोरडी. सोनीला सांगितलं, ती म्हणाली फळीचं दुसरं टोक मी धरते. पण तो माणूस येणार, दोन म्हाताऱ्यांना बाजूला सारायला त्याला वेळ लागायचा नाय. बांधभर माणसं त्याला सारता यायची नायत. तुम्ही हे वाचताय ना? मग नुसतं हळहळू नका, हळहळ माझ्याकडं पुष्कळ हाय. पेणला उतरा, खाडीचा रस्ता कुणालाही विचारा, आणि भरतीच्या आधी फावडं घेऊन थोरल्या कोंडीच्या बांधावर उभे राहा.